शिवणीतली माया

गेल्या श्रावणात एक काकू दुकानात आल्या. पिशवीतून त्यांनी मोरपंखी खणाचा ब्लाउज काढला आणि म्हणाल्या, "वहिनी, ह्यो तुम्हीच शिवलेला. लेकीच्या बारशाला. आता तीच घालायचा म्हणतीय, पर छातीत घट्ट बसतोय." मी ब्लाउज उलटा केला आणि दोन्ही बाजूंची टीप उसवली. प्रत्येक पदराला पाऊण इंच कापड आत होतं. त्यातलं अर्धा-अर्धा इंच सोडलं. चार पदर मिळून ब्लाउज दोन इंचांनी सैल झाला. बाहेरचा खण एकोणीस वर्षांच्या धुण्यानं विटला होता, पण आतून बाहेर आलेली पट्टी ताग्यातून आत्ताच फाडल्यासारखी गर्द होती. काकू त्या पट्टीवरून बोट फिरवत राहिल्या.

शिवणीच्या आत हे जे जादा कापड सोडतात, त्याला आम्ही 'माया' म्हणतो. शिवणाऱ्या बाईचं काम ओळखायचं ते तिथे.

कोल्हापुरात शिवाजी पेठेत मी ३१ वर्षं लेडीज टेलरिंग करते. दुकान दहा बाय आठचं. दोन शिलाई मशीन, एक इंटरलॉक, कटिंगचं टेबल आणि ट्रायलसाठी पडदा लावलेला कोपरा. ज्या बाईंकडे मी शिकले, त्यांनी पहिला महिनाभर कापडाला हात लावू दिला नाही. रोज जुनी वर्तमानपत्रं कापायला लावायच्या. कागदाची बाही, कागदाचा गळा, कागदाची पाठ. "मशीन चालवायला आठ दिवसांत येतंय. बेतायला जन्म जातो," असं त्या म्हणायच्या.

बेतणं म्हणजे सपाट कापडातून गोल अंगाचं वस्त्र मनात आधी उभं करणं. साडीसोबत येणारा ब्लाउजपीस बहुतेक वेळा ८० सेंटिमीटरचा असतो. त्यातून पाठ, दोन पुढचे भाग, दोन बाह्या, हुकपट्टी आणि गळ्याची पट्टी काढायची. काठ बाहीवर आला पाहिजे, तोही दोन्ही हातांवर एकाच उंचीला. गळ्याची पट्टी उभ्या-आडव्या धाग्यात कापून चालत नाही, तिरपी म्हणजे उरेब कापावी लागते; तिरपं कापड ताणतं, म्हणून गळ्याच्या गोलाईवर चुणी न पडता बसतं. मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, पाठीपेक्षा पुढच्या बाजूला थोडा खोल कापतात, कारण माणसाचा हात पुढे जातो, मागे फारसा जात नाही. सुती अस्तर आधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायचं. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, वरचं कापड तसंच राहतं आणि ब्लाउजला सुरकुत्या पडतात. आमची मापं आजही इंच आणि सुतात चालतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. खांद्यात दोन सूत चुकलं, तर गळा दिवसभर घसरत राहतो.

धंद्याच्या तिसऱ्या वर्षी एका नवरीच्या पैठणीवरच्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या मी एकाच हाताच्या कापल्या. कापड उलटं ठेवायचं राहून गेलं होतं. लग्न चार दिवसांवर. उरलेल्या कातरणातून काखेखाली पाचर जोडून मी चुकलेली बाही उभी केली. नवरीच्या आईला बोलावून काय झालं ते सगळं सांगितलं आणि शिलाई घेतली नाही. त्या घरातली तिसरी पिढी आज माझ्याकडे येते. तेव्हापासून बाह्यांचे दोन पदर समोरासमोर ठेवून, टाचण्या लावल्याशिवाय कात्री उचलत नाही.

आमच्या हाताखालून कापड जातं तसंच बाईचं अंगही जातं. टेप लावताना कुणाचा एक खांदा उतरलेला दिसतो, कुणाच्या पाठीला पोक आलेलं असतं. ते मोठ्यानं बोलायचं नसतं, मापाच्या वहीत लिहायचं असतं. काही वर्षांपूर्वी एक बाई दुकान बंद व्हायच्या वेळी आल्या. कर्करोगामुळे त्यांचा एक स्तन काढला होता. ब्लाउज घालायचाच सोडून त्या सैल कुर्ते वापरत होत्या. मी पडदा ओढला, दोन्ही बाजूंची मापं वेगवेगळी घेतली, आतल्या अस्तराला मऊ सुती कप्पा शिवला आणि त्यात बसेल अशी कापसाची उशी केली. काखेखालचा भाग टोचू नये म्हणून शिवण जरा पुढे सरकवली. ट्रायलला त्यांनी पदर घेतला आणि बराच वेळ आरशासमोर उभ्या राहिल्या. बाजारात तयार कपडे लहान, मध्यम, मोठा अशा मापांत मिळतात. त्या बाईंचं माप कुठल्याच दुकानाच्या फळीवर नव्हतं.

हा धंदा किती जुना, हे सांगायला आपल्याकडे संत नामदेवांचं घर आहे. ते शिंप्याचं घर. त्यांच्या एका पदात गज, कात्री, सुई यांचीच रूपकं येतात. बायकांचं शिवण मात्र पूर्वी घरातच होई. एका खणात एक चोळी, पुढे गाठ मारायची, बटण नाही की हुक नाही. पुढे पोलकं आलं, झंपर आला, मग ब्लाउज. १८६०च्या दशकात बंगालच्या ज्ञानदानंदिनी टागोर मुंबईत राहिल्या. पारशी बायकांचं बघून त्यांनी साडी नेसायची नवी तऱ्हा घेतली आणि ती ब्लाउजसकट बंगालात रुजवली.

मशीन आलं ते भांडणातून. फ्रान्समध्ये थिमोनिए नावाच्या शिंप्यानं १८३० साली शिवणयंत्राचं पेटंट घेतलं. पोटावर पाय येईल या भीतीनं दुसऱ्याच वर्षी पॅरिसच्या शिंप्यांनी त्याच्या कारखान्यातली यंत्रं फोडली. अमेरिकेत १८४६ मध्ये एलियास हाऊ आणि १८५१ मध्ये आयझॅक सिंगर यांनी पेटंट घेतली. सिंगरची मशीन पुढे हप्त्यानं मिळू लागली आणि साध्या घरांत पोचली. आपल्याकडे १९३०च्या दशकात उषा मशीन आलं. यंत्रांवर कडक टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये शिवणयंत्राला अपवाद मानलं होतं, कारण ते माणसाचे श्रम हलके करतं आणि त्याचा हात बेकार करत नाही.

मशीनची टीप दोन दोऱ्यांची असते, एक सुईतला आणि एक खालच्या बॉबिनचा. दोघांचा ताण सारखा असेल तर गाठ कापडाच्या मधोमध दडते. ताण बिघडला की उलट्या बाजूला दोरा सरळ रेघेसारखा पडतो आणि ओढला की सरकन निघतो. म्हणून मी कुणाचंही शिवण आधी उलटं करून बघते.

एका साडी-ब्लाउजवर किती हात राबतात, ते गिऱ्हाइकाला क्वचितच दिसतं. फॉल-पिको करणारी वेगळी. रेशमी साडीला फॉल ती हातानं लावते आणि टाका उजव्या बाजूला दिसू देत नाही. आरीकाम करणारे लाकडी चौकटीवर कापड ताणून बसतात आणि आकड्याच्या सुईनं मणी, जर भरतात. म्हणून भरतकामाचा ब्लाउज आम्ही आधी कापडावर आखून देतो, काम झाल्यावर कापतो. काज-बटणवाला वेगळा, अस्तर-लेस विकणारा वेगळा. रफू करणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. त्याच कापडाचा धागा काढून ते भोक विणतात, नुसतं बुजवत नाहीत. कारखान्यातली शिलाई आणखी निराळी. सोलापुरात गणवेशांचा मोठा धंदा आहे. तिथे कापडाचे थरावर थर रचून विजेच्या कात्रीनं एकदम कापतात. एक बाई दिवसभर कॉलर लावते, दुसरी दिवसभर खिसे. वेग तिथला खरा, पण पूर्ण कपडा कुणा एकीच्या हातून होत नाही.

आमच्या गावाला या कामाचा मोठा मान मिळाला तो भानू अथैया यांच्यामुळे. १९२९ साली कोल्हापुरात जन्मलेल्या या बाईंनी 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह १९८३ मध्ये ऑस्कर घेतलं, भारतातलं पहिलं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी हे सांगते. चित्रपटातलं माणूस खरं वाटतं, त्यात त्याच्या अंगावरच्या कपड्याचाही वाटा असतो.

आता पैशाचं. अस्तराच्या ब्लाउजची शिलाई मी ३५० रुपये घेते. अस्तर, दोरा, हुक, वीज धरून ८० रुपये जातात. उरले २७०. माप, बेत, कटिंग, शिलाई, हातशिलाई, हुक आणि इस्त्री मिळून तीन तास लागतात. म्हणजे तासाला ९० रुपये, तेही दुकानाचं भाडं न धरता. दसरा-दिवाळीला रात्री एकपर्यंत मशीन चालतं, ज्येष्ठ-आषाढात दिवसाला एक ब्लाउज येतो. मान आणि कंबर दुखणं आमच्यात घरोघरी. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्यानं हेम घालता घालता डोळे लवकर जातात. हजारोंची साडी घेतलेली बाईसुद्धा शिलाईत पन्नास कमी करा म्हणते, तेव्हा मन खट्टू होतं. मुलींना हे काम नको वाटतं, ते कष्टापेक्षा या घासाघिशीमुळे.

तरी मी मुलींना या म्हणते. आयटीआयमध्ये ड्रेस मेकिंग आणि सूइंग टेक्नॉलॉजी हे एकेक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनात शुश्रूषेबरोबर शिवणकामही शिकवलं जाई, कारण बाईला स्वतःची कमाई हवी हे त्यांना तेव्हाच उमगलं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पाच टक्के व्याजानं आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज. सरकारी कागदाला कंटाळू नका, पण आधी महिनाभर वर्तमानपत्रं कापा.

आणि कपडे शिवून घेणाऱ्या बायांना माझं एक सांगणं. पुढचा ब्लाउज हातात आला की आरशासमोर जाण्याआधी तो उलटा करून बघा. बाजूला पाऊण इंच माया आहे का, कडेला इंटरलॉक आहे का, टीप बारीक आणि एकसारखी आहे का, हुक घट्ट आहेत का. हे सगळं असेल, तर त्या बाईनं तुमच्या पुढच्या दहा वर्षांचा विचार करून तो शिवलाय. तिनं सांगितलेली शिलाई पूर्ण द्या.