हुकलेला माज, लांबलेले वेत

रत्नागिरी : शहरातील घरात रोज सकाळी येणाऱ्या दुधामागे एक साधे गणित असते. गाय वेळेवर गाभण राहिली, तरच ती वेळेवर विते आणि दूध देते. गायीचा गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा. व्याल्यानंतर साधारण ८५ दिवसांत ती पुन्हा गाभण राहिली, तरच वर्षाला एक वासरू मिळते. हे गणित बिघडण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे हुकलेला माज.

गाय दर २१ दिवसांनी माजावर येते. वारंवार हंबरणे, दुसऱ्या गायीवर उडणे, काचेसारखा स्वच्छ सोट लोंबणे ही त्याची लक्षणे होत. देशी गायींत ती सौम्य असतात आणि माज पुष्कळदा रात्रीच येऊन जातो. लक्षणे दिसतच नाहीत, तो ‘मुका माज’. सलग तीन माज हुकले, तर दोन महिन्यांचा चारा वाया जातो. यासाठी पहाटे व रात्री गोठ्यात फेरी मारणे आणि तारखांची नोंद ठेवणे आवश्यक ठरते. सकाळी माज दिसल्यास सायंकाळी, सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी कृत्रिम रेतन करावे, हा रूढ नियम आहे.

कोकणात आहाराचाही प्रश्न आहे. जांभ्या जमिनीतील पोषक द्रव्ये मुसळधार पावसात वाहून जातात. उन्हाळ्यात वाळलेले गवत आणि भाताचा पेंढा यांवरच गुरे जगतात. त्यातून खनिजांची, विशेषतः स्फुरदाची, उणीव होते आणि जनावर माजावरच येत नाही. अशा वेळी रेतनापेक्षा खनिज मिश्रण आणि हिरवा चारा अधिक उपयोगी पडतो.

तिसरा मुद्दा वळूचा. भातकापणीनंतर गुरे मोकळी सोडली, की कळपातील वळू स्वतःच्याच कालवडींना लागतो. या निकट प्रजननातून पुढची पिढी दुबळी होते. त्यामुळे कालवडी वयात येण्यापूर्वी वळू बदलणे आणि निकृष्ट वळूंचे खच्चीकरण करणे हाच उपाय ठरतो.

मोठ्या जातीच्या वळूशी संकर केल्यास लहान चणीच्या गायीला विण्यास त्रास होऊ शकतो. शिवाय मूळ वाणही हरवतो. कोकणातील या काटक, डोंगर चढणाऱ्या गायीला ‘कोकण कपिला’ या नावाने २०१८ मध्ये स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली. दूध कमी देत असली, तरी अतिवृष्टी आणि दमट हवा ती सहज सोसते. तिच्याच जातिवंत वळूंची निवड झाली, तर दूध वाढेल आणि वाणही टिकेल. त्याची सुरुवात मात्र गोठ्यातील साध्या नोंदवहीपासूनच होते.