बर्जेरच्या पोटात

बोईसरहून तारापूर एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं सोफे-खुर्च्या भरायचं दुकान आहे. हल्ली गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो दाखवतं आणि 'अशी खुर्ची करून द्या' म्हणतं. वाकडे पाय, कोरीव लाकडी चौकट, पाठ आणि दोन्ही कुशी कापडानं मढवलेल्या. ही फ्रान्सची बर्जेर.

तिची खूण हाताखाली असते. तिकडच्याच फोतई खुर्चीत हात आणि बैठक यांमधली जागा मोकळी असते. बर्जेरमध्ये ती भरून बंद केलेली, आणि बैठकीवर जाड सुटी गादी. पंधराव्या लुईच्या राज्यात (1715 ते 1774) ती दिवाणखान्यांत रुळली. दरबारी ताठ खुर्च्या सोडून श्रीमंतांना लहान खोलीत रेलून गप्पा मारायच्या होत्या. बायकांचे घेरदार झगे मावावेत म्हणून हातांचे खांब मागे सरकवले गेले. सोळाव्या लुईच्या काळात पाय सरळ, खाचांचे झाले.

पॅरिसमध्ये चौकट करणारा सुतार वेगळा, भरणारा वेगळा. सुतार बीच किंवा अक्रोडाच्या चौकटीवर आपल्या नावाचा शिक्का मारी. जॉर्ज जाकोबच्या शिक्क्याच्या खुर्च्या आज संग्रहालयांत आहेत. भरणाऱ्याचं नाव सहसा कुठे नाही, आणि कापड-भरण वेळोवेळी बदलल्यामुळे त्याचं कामही क्वचितच उरलंय. याचं मला फार वाईट वाटतं. बसणाऱ्याची पाठ टेकते ती त्याच्या कामावर.

त्या काळी स्प्रिंगा नव्हत्या, त्या एकोणिसाव्या शतकात आल्या. चौकटीवर पट्ट्या ताणायच्या, वर जाडंभरडं कापड, त्यावर घोड्याचे केस, आणि कड बसू नये म्हणून लांब सुईनं टाके. आमच्याकडचे जुने कारागीर हेच नवार, गोणपाट आणि काथ्यानं करत. चिंचणीकडचा एखादा जुना सोफा उघडला की काथ्या फक्त दबलेला असतो. पिंजून, उन्हात घालून पुन्हा भरता येतो. घोड्याचे केसही असेच पिंजून परत वापरतात. स्पंजाचा मात्र इथल्या दमट हवेत पिवळा भुगा होतो.

म्हणून फोटो घेऊन आलेल्याला मी आधी आत काय भरायचं ते विचारतो. कुशींना काथ्याच घ्या, सांगतो. सुट्या गादीत तिकडे पिसं भरायचे. इथे सावरीचा कापूस चांगला, फक्त अभ्र्याला चेन लावून घ्या, म्हणजे पावसाळा संपला की काढून उन्हात टाकता येईल.