फेअरी क्वीन : वाफेच्या युगाची साक्ष

सुरत-भुसावळ मार्गावरील बारडोली म्हणजे गुजरातेत स्थिरावलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या खानदेशच्या वाटेवरील परिचित स्थानक. तेथून आज विजेच्या गाड्या धावतात; 'आगगाडी' हा शब्द मात्र आपण सोडलेला नाही. त्या शब्दातील आग कशी होती, हे सांगणारी इंजिने आता फारच थोडी उरली आहेत.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी नेणाऱ्या साहिब, सिंध व सुलतान या तीन इंजिनांची केवळ नावेच उरली. परंतु दोनच वर्षांनी, १८५५ मध्ये, इंग्लंडातील लीड्स येथे ईस्ट इंडियन रेल्वेसाठी घडविलेले 'फेअरी क्वीन' सुदैवाने टिकले. त्याच्या सहा चाकांपैकी मधली मोठी जोडी तेवढी वाफेच्या जोरावर फिरते. १८५७ च्या धामधुमीत त्याने सैन्याच्या गाड्याही ओढल्या.

१९०९ मध्ये निवृत्त झाल्यावर ते भंगारात गेले नाही. हावडा स्थानकाबाहेर ते उभे राहिले आणि १९४३ मध्ये चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत विद्यार्थ्यांसमोर आले. पुढे दुरुस्त होऊन १९९७ मध्ये ते दिल्ली-अलवर मार्गावर प्रवासी घेऊन धावले. १९९८ मध्ये नियमित चालणारे जगातील सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून गिनेसच्या ग्रंथात त्याची नोंद झाली.

तरीही २०११ मध्ये त्याचे अनेक सुटे भाग चोरीस गेले! चेन्नईतील पेरांबूरच्या कारखान्यात ते पुन्हा सज्ज करावे लागले. पूर्वजांचा ठेवा एकदा जपून भागत नाही. राखणारा डोळा प्रत्येक पिढीत लागतो, हेच खरे.