स्नायु आंखडतात कसे?

विहिरीवर पोहरा शेंदतांना दोर मुळींच आंखडत नाहीं. एक हात तो ओढतो, सोडतो व पुढें सरून पुन्हां धरतो. तोंवर दुसऱ्या हातानें दोर पेललेला असतो. आपले स्नायु आंखडतात ते बहुतांशीं याच रीतीनें.

ही गोष्ट शास्त्रज्ञांसही उशिरांच कळली. स्नायूंत 'मायोसिन' व 'ॲक्टिन' हीं दोन मुख्य प्रथिनें असतात. पैकीं पहिल्यास क्यूने या जर्मन शास्त्रज्ञानें १८६४ सालीं नांव दिलें. दुसरें स्ट्रॉब यांस हंगेरींतील सेगेड येथें १९४२ च्या सुमारास सांपडलें. या प्रथिनांचे धागेच घड्या पडून आंखूड होत असावे, असा पुष्कळांचा तर्क होता. परंतु १९५४ च्या मे महिन्यांत लंडनच्या 'नेचर' साप्ताहिकाच्या एकाच अंकांत दोन लेख आले. एक ह्यू हक्स्ले व जीन हॅन्सन यांचा, दुसरा अँड्र्यू हक्स्ले व नीडरगेर्के यांचा. दोघे हक्स्ले एकमेकांचे कोणी नव्हेत. निष्कर्ष मात्र एकच कीं, धागे आपली लांबी न बदलतां एकमेकांवरून सरकतात.

मायोसिनच्या प्रत्येक जाड धाग्यास शेंकडों डोकीं असतात. शेंदणारे हात ते हेच. मज्जातंतूची आज्ञा येतांच स्नायुपेशींत कॅल्शियम मोकळें होतें व ॲक्टिनवरील धरण्याच्या जागा उघड्या पडतात. डोकें तेथें चिकटतें, वांकतें आणि धागा मिलिमीटरच्या सुमारें एक लक्षांशाइतका ओढतें. एवढ्याशा ओढीनें भरलेली कळशी कशी उचलली जाते? अशीं कोट्यवधि डोकीं आळीपाळीनें राबतात म्हणून.

आतां यांतील खरें मर्म पाहा. या कामास लागणारी शक्ति एटीपी नांवाच्या द्रव्यांतून येते. परंतु धरलेलें डोकें सुटावयासही एटीपीचा नवा कण त्यास येऊन लागावा लागतो. मृत्यूनंतर हा पुरवठा संपतो, डोकीं धरलेलीं तशींच राहतात आणि कांहीं तासांत देह ताठतो. पुढें एकदोन दिवसांनीं प्रथिनांचें विघटन होऊं लागलें म्हणजे तो ताठा उतरतो. त्यांत गूढ किंवा अशुभ असें कांहींच नाहीं.

जिवंतपणीं हृदयासही हाच नियम लागू आहे. दर ठोक्यानंतर तें सैल पडलें नाहीं, तर त्यांत पुन्हां रक्त भरावें कसें? हृदय जोरानें आंखडत असूनही नीट सैल होत नसल्यामुळें कित्येक वृद्धांस धाप लागते. म्हणून घरांतील वडील माणसें जिना चढतांना थांबूं लागलीं, तर 'वयच झालें' असें म्हणून स्वस्थ न बसतां त्यांस वेळींच डॉक्टरांकडे न्यावें.