ऑफ तास

पहाटे 4:50
मॅडमचा गजर वाजतो. पाथर्डी फाट्याजवळ दुसऱ्या मजल्यावर घर आहे. बाहेर पाऊस. गॅसच्या एका बाजूला चहा, दुसऱ्या बाजूला तवा. पोळ्या सहा, आपल्या दोन आणि यजमानांच्या चार. डब्यात कालची मटकी. उजव्या गुडघ्याला पट्टा बांधायला दोन मिनिटं लागतात. औषधाच्या दुकानातून साडेतीनशेला आणलेला पट्टा, इलास्टिक आता सैल पडलंय.

नाशिकच्या सिडकोतल्या एका विनाअनुदानित इंग्रजी शाळेत मॅडम माध्यमिकच्या पर्यवेक्षिका आहेत. वय 54, नोकरीला 26 वर्षं झाली. विषय इतिहास. पण आता वर्गापेक्षा वेळापत्रकातच जास्त वेळ जातो.

5:40
फोनवर मेसेज. रात्री 11:52 ला आलेला. मॅडम चष्मा पुसून वाचतात, मग फोन माझ्याकडे देतात. आज दिवसभर मी त्यांच्याबरोबर आहे. गणिताच्या सरांचा राजीनामा, पीडीएफमध्ये. चार ओळी. कौटुंबिक कारण, तातडीनं, सहकार्याबद्दल आभार. सही फोनवरच बोटानं केलेली, वेडीवाकडी.

लगेच फोन लावतात. बंद.

15 ऑगस्टला सर झेंडावंदनाला पांढऱ्या शर्टात हजर होते, लाडूही खाल्ला. शनिवारी तास घेतले. सोमवार श्रावणी, शाळा अर्धी. ते आले नाहीत तेव्हा त्र्यंबकला गेले असतील असंच सगळ्यांना वाटलं. आज मंगळवार.

6:35
अ‍ॅक्टिव्हा, रेनकोट, सीटखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत रजिस्टर. वाटेत दोनशेचं पेट्रोल. पंपावरच्या रांगेत मॅडम बोटं मोजतात. दहावी अ आणि ब, नववी अ आणि ब. आठवड्याला प्रत्येकी सात म्हणजे अठ्ठावीस तास. आजचे पाच.

6:55
ऑफिसात मस्टर. सरांच्या रकान्यात कालची जागा कोरी आहे. मॅडम तिथे काही लिहीत नाहीत. "मोठ्या मॅडम ठरवतील लाल की काय ते." मोठ्या मॅडम म्हणजे मुख्याध्यापिका.

मग अ‍ॅडजस्टमेंटचं रजिस्टर उघडतं. दोनशे पानी, पुठ्ठ्याला खाकी कव्हर. आत सगळं पेन्सिलीनं. पानं खोडून खोडून इतकी पातळ झालीत की मागचा मंगळवार पुढच्या मंगळवारात दिसतो. प्रत्येक शिक्षकाला रोज आठपैकी दोन-तीन तास मोकळे. त्यातलाच एक काढून घ्यायचा. वह्या तपासायचा, चहाचा, पाय लांब करायचा तास. जादा तासाचे पैसे मिळत नाहीत, चहा मिळतो.

पहिला तास दहावी अ, विज्ञानाच्या मॅडमना. त्या गणित घेऊ शकतात. तिसरा पीटीच्या सरांना, पण पावसात ते मुलांना वर्गात बसवून काय करणार? चौथा मराठीच्या बाईंना. सहावा, नववी ब, कुणीच मोकळं नाही. मॅडम स्वतःचं नाव लिहितात. आठवा पुन्हा दहावी. तिथे पेन्सिल थांबते.

7:20
प्रार्थना. माइक पावसानं खरखरतो. मुलांना बातमी आधीच पोचलेली. "ऑफ तास, ऑफ तास," नववीच्या रांगेतून कुजबुज येते. मुलांच्या लेखी हा सण आहे.

7:50
तीन जिने, एकेकाला बावीस पायऱ्या. मॅडम कठड्याला धरून चढतात, डावा पाय आधी. दहावी अ च्या फळ्यावर शनिवारचं गणित तसंच आहे. क्वाड्रॅटिक इक्वेशन, सूत्र लिहिलंय, किमती घातल्यात, वर्गमुळाच्या चिन्हाखाली आकडा मांडलाय आणि पुढे बरोबरचं चिन्ह. पुढे काही नाही, घंटा झाली असणार. खाली 'डू नॉट रब' लिहिलंय, सरांच्याच अक्षरात.

विज्ञानाच्या मॅडम क्षणभर बघतात आणि तिथूनच पुढे सोडवायला घेतात.

8:30
सरांचं लॉकर. किल्ली त्यांच्याकडे, आणि आत घटक चाचणीचे पेपर. शुक्रवारी गुण भरायचे आहेत. शिपाईमामा हातोडी आणि पोलादी पट्टी घेऊन येतात. तीन घाव. कुलूप नाही तुटत, कोयंडाच निघून येतो. "नवीन कोयंडा, कुलूप, दीडशे रुपये," मामा आधीच सांगून ठेवतात.

आत एक मग, मार्करचं अर्धं खोकं, फळ्यावरचा लाकडी कंपास, मोडकी छत्री. खाली गठ्ठे, सुतळीनं बांधलेले. तीन वर्गांचे तपासून, बेरजा करून, यादीसकट. चौथा नववी ब चा. मॅडम तो स्टाफरूमच्या टेबलावर सोडतात. त्रेचाळीस पेपर. सतरा तपासलेले. अठराव्यावर पहिल्या प्रश्नाला टिक, दुसऱ्याला टिक, तिसऱ्यात दुसऱ्या पायरीखाली लाल रेघ ओढायला घेतलीय आणि ती अर्ध्यावर संपलीय. रेघेच्या टोकाला शाईचा ठिपका आहे, पेन टेकवून माणूस थांबला की पडतो तसा. एकोणीसपासून कोरे.

"तीन गठ्ठे पुरे केले बिचाऱ्यानं," मराठीच्या बाई म्हणतात. मला यात 'बिचारा' कुठून आला कळत नाही. मॅडमना कळतं बहुधा. त्या सव्वीस पेपर उचलून आपल्या पिशवीत टाकतात.

9:55
मधली सुट्टी. स्टाफरूममध्ये दोनच विषय. गंगापूर धरणातून पाणी किती सोडलं, गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं, हा एक. दुसरा, सर कुठे गेले. दुबई. कुणाला तरी विमानतळावरचा फोटो दिसला होता, नंतर काढून टाकलेला. चार हजार दिरहम म्हणे. दिरहम चोवीस रुपये धरला तरी शहाण्णव हजार. इथे सर चोवीस हजारांवर होते. सरकारी योजनेतल्या माध्यमिक शिक्षण सेवकाचं मानधन 2023 मध्ये वाढून 18,000 झालं, त्या मानानं चोवीस बरेच. हे वाक्य पीटीचे सर म्हणतात आणि कुणीच उत्तर देत नाही.

आता एकेक आठवू लागतं. जूनमध्ये दोनदा रजा, 'मुंबईला काम'. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून गेले होते. मंत्रालयात डिग्रीवर शिक्का, मग परराष्ट्र खात्याचा, मग वकिलातीचा. शिक्के गोळा करायला दिवस जातात. मे महिन्यात अनुभवाचा दाखला मागितला होता, 'गृहकर्जासाठी'. मॅडमनीच टाइप करून दिला. "गृहकर्जाला अनुभवाचा दाखला कोण मागतं? मला तेव्हाच कळायला हवं होतं."

मी त्यांना कोरियाचं सांगतो. तिकडे इंग्रजी शिकवायला गेलेले परदेशी मास्तर पगार झाला की रात्रीतून विमान धरतात, त्याला नावच पडलंय, मिडनाइट रन. मॅडम हसतात. "पगार घेऊन जातात ना? आमच्यानं तेवढंही नाही झालं. सोळा दिवस फुकट करून गेला."

10:25
ते सोळा दिवस भाऊसाहेबांच्या टेबलावर आहेत. भाऊसाहेब म्हणजे क्लार्क. खाजगी शाळा कर्मचाऱ्यांचा 1977 चा कायदा आणि 1981 ची नियमावली, एकाच पुस्तकात, पाठीला चिकटपट्टी. ते वाचून दाखवतात. राजीनाम्याच्या दोन प्रती काढायच्या, दोन्हींवर सही नि तारीख. एक रजिस्टर पोस्टानं संस्थेला, दुसरी स्वतःकडे.

"व्हॉट्सअ‍ॅपचा उल्लेख नाही," ते गंभीरपणे म्हणतात. "म्हणजे हा राजीनामाच नाही. सर अजून नोकरीत आहेत."

मग नियम 40. कायम माणसाला तीन महिन्यांची नोटीस, कायम नसलेल्याला एक महिन्याची. नाहीतर तेवढा पगार भरायचा. सर कायम नव्हते, दर वर्षी अकरा महिन्यांची ऑर्डर. कॅल्क्युलेटर टकटकतो. चोवीस हजार भागिले एकतीस गुणिले सोळा, 12,387. ते वजा जाता सरांकडूनच येणं 11,613.

"वसूल कसं करणार?"

"ते पुस्तकात नाही." भाऊसाहेब पुस्तक मिटतात. "पण दुबईत आता वर्ष अर्ध्यात सोडलं तर नव्वद दिवस दुसरी शाळा घेत नाही, असं वाचलंय. पळायचं ते इथूनच. तिथून पळता येत नाही."

10:55
नववी ब. मुलं बाकांवर तबला वाजवतायत. मॅडम आत येतात, तबला थांबतो. गणित त्या शिकवू शकत नाहीत आणि तसं सरळ सांगतात. एक मुलगी विचारते, "मिस, सर खरंच दुबईला गेले?"

"गेले असतील."

"मग आमचे पेपर?"

"आहेत. मिळतील."

मॅडम खडू उचलतात आणि फळ्यावर लिहितात, 1864. शरणपूर रोडवरून कोण येतं? सात-आठ हात वर. शरणपूर नाव का पडलं? हात खाली.

मग पाऊण तासाची नव्हे, पंधरा मिनिटांची गोष्ट. तिथे मिशनऱ्यांची वसाहत होती. समुद्रात गुलामांची गलबतं पकडली जायची, त्यांतून सोडवलेली आफ्रिकन पोरं इंग्रज मुंबईत आणायचे, त्यांतली काही इथे नाशकात. लिहिणं-वाचणं, सुतारकाम, लोहारकाम शिकायची. 1864 मध्ये त्यांतले तिघे जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर मोंबासाजवळ रबाईच्या मिशनवर कामाला गेले. आणखी एक जेकब वेनराइट. डॉ. लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या जंगलात 1873 मध्ये वारला, त्याचं शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता. पुढच्या वर्षी लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत दफनाच्या वेळी खांदा द्यायला उभा. नाशकात शिकलेला मुलगा.

वर्ग शांत आहे. शेवटच्या बाकावरून, "मिस, म्हणजे नाशिकचे टीचर आधीपासून फॉरेनला जातात?"

हशा. मॅडमही हसतात. "ती माणसं आपल्या मुलखाकडे गेली रे."

एकानं मनगटावरचं घड्याळ पाहिलंय. "दुबई दीड तास मागे. सरांकडे आत्ता पावणेदहा वाजतायत." कुणी सांगितलं नसताना केलेलं आजच्या तासाचं एवढंच गणित.

11:40
पंचवटीतल्या निवृत्त सरांना फोन. वय 67, गणितात दबदबा. मॅडम गोड बोलतात, गुडघ्याची चौकशी करतात, मग मुद्द्यावर येतात. तासाला दोनशे. पलीकडून अडीचशे, आणि रिक्षा वेगळी. पंचवटी ते सिडको पावसात रिक्षावाला काय मागेल ते मागेल. "पुलावर पाणी बघायला ही गर्दी, मी बुधवारनंतर बघतो." अडीचशे ठरतात. रिक्षाचं अर्धवट राहतं.

12:05
आठवा तास दहावीचा. मोठ्या मॅडम स्वतः जातात, मुलांना शिस्तीवर बोलतात. पस्तीस मिनिटं. मुलं बिचारी.

दुपारी 2:00
डेमो लेसन. परवाच्या एका अर्जातून उचललेली मुलगी, बी.एस्सी. बी.एड., सातपूरकडच्या शाळेत सध्या साडेसतरा हजारांवर. शाळा सुटल्यावर तशीच आली आहे, साडीचा काठ चिखलानं भिजलेला. वर्गात मुलं नाहीत, समोर फक्त मोठ्या मॅडम, मॅडम आणि मी. तिचा हात थरथरतो, पण वर्गसमीकरण ती असं उलगडते की मला, चाळीस वर्षांनी, कळतं. मोठ्या मॅडम बावीस हजार म्हणतात. ती लगेच हो म्हणते. तेवीस मागायला हवे होते.

मोठ्या मॅडम निघून गेल्यावर मॅडम विचारतात, "कधीपासून येशील?"

"गुरुवारपासून."

"तिथे नोटीस दिलीस?"

"मॅडम, त्यांनी ऑर्डरच दिलेली नाहीये. नोटीस कशाची देऊ?"

मॅडम तिच्याकडे बघतात. "मूळ कागद तुझ्याकडेच आहेत ना? काही शाळा ठेवून घेतात."

"ठेवले होते. गेल्या आठवड्यात मागून आणले. पासपोर्ट काढायचाय असं सांगून."

बाहेर पाऊस पत्र्यावर धो धो. मॅडम पिशवीची चेन लावतात, उघडतात, पुन्हा लावतात. "गुरुवारी सहा पन्नासला ये. मस्टर सातला उचलतात."

4:15
घरी. पाय पाण्याच्या बादलीत, गरम पाणी, खडेमीठ. यजमान चहा करतात. पालकांचे सहा फोन, पैकी दोघांचं म्हणणं एकच. दहावीचं वर्ष आहे, फी पूर्ण घेतलीत. मॅडम प्रत्येकाला 'गुरुवार' सांगतात.

रात्री 8:45
सव्वीस पेपर. गणित मॅडमना येत नाही, पण विज्ञानाच्या मॅडमनी दुपारी नमुना उत्तरपत्रिका करून दिलीय, पायरीला किती गुण तेही लिहून. मॅडम बोटानं ओळ धरून पायरी जुळवतात. एका पेपरला पाच मिनिटं. अठराव्या पेपरची अर्धी रेघ त्या आधी पुरी करतात, आपल्या पेनानं. त्यांची शाई जरा गडद आहे.

10:20
एकोणीस झाले. मॅडम मान मोडतात. मग मला सांगतात, सहज, चष्मा कपाळावर सरकवून. सातपूरच्या त्या शाळेत सुपरवायझर कोण आहे माहितीय? त्यांच्याच बी.एड.च्या बॅचची मैत्रीण. दर वर्षी गौरीचं हळदीकुंकू एकमेकींकडे असतं.

फोन टेबलावर आहे. त्या तो उचलतात, गजर बघतात, 4:50, आणि उलटा ठेवतात.

"अजून सात," म्हणतात, आणि गठ्ठा ओढतात.