नागली शिकवायची नाही, आठवून द्यायची

गेल्या हिवाळ्यात बोईसरजवळच्या एका पाड्यावर म्हाताऱ्या माणसांची बैठक घेतली. मी नागलीचे गुण सांगू लागलो. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, पांढऱ्या तांदळात जेमतेम १०. सगळं ऐकून घेऊन एक आजी म्हणाल्या, "साहेब, नागलीवरच वाढलो आम्ही. आता भाकर चावायला दात कुठं हायत? आणि पोरगा कंपनीत जातो, त्याच्या घरी काळी भाकर बरी दिसते का?"

माझे आकडे तिथेच संपले.

आजींचं म्हणणं खरं होतं. जव्हार-मोखाड्याच्या वरकस जमिनीवर नागली, वरई पूर्वापार होते. पण तारापूरला कारखाने आले, हातात पगार आला आणि पांढराशुभ्र भात सुखाची खूण ठरला. नागली गरिबाची झाली. गिरणीत तांदळाला जितकं जास्त पॉलिश, तितका कोंडा जातो. सोबत चोथा आणि 'ब' जीवनसत्त्वही जातं. मग म्हातारपणी पोट साफ होत नाही म्हणून चूर्ण आणायचं!

पुढच्या खेपेला मी पातेलं घेऊन गेलो. सुनांनाही बोलावलं, कारण चूल त्यांच्या हाती. नागलीचं पीठ रात्री पाण्यात कालवून ठेवलेलं होतं. सकाळी ते शिजवलं, कोमट झाल्यावर ताक-मीठ घातलं. आंबील तयार. आजी दोन वाट्या प्यायल्या.

घरी करताना एवढं लक्षात ठेवा. सत्त्व करताना कपड्याने गाळलं की चोथा वाया जातो. त्यापेक्षा नागलीला मोड आणून, वाळवून, भाजून दळा आणि पीठ बारीक चाळणीने चाळू नका. हातसडीचा तांदूळ तास-दोन तास भिजवून, जास्त पाण्यात मऊ शिजवा. सुरुवात दिवसातून एकाच जेवणापासून करा, पाणी भरपूर प्या. मधुमेह असेल तर नागलीही मापातच; पातळ पेजेने साखर लवकर चढते, म्हणून डाळ-भाजीसोबत खा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं. जगाने मान दिलेलं धान्य आपल्याच घरात लाजून का बसावं? भात सोडा असं कुणी म्हणत नाही. गिरणीवाल्याला फक्त एवढं सांगा : "दादा, पॉलिश जरा कमी."