पदराची गाठ

कोयनानगरला सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही विचारून पाहा, "भूकंपाच्या रात्री तुम्ही कुठं झोपला होता?" सकाळी न्याहारीला काय खाल्लं ते त्याला आठवणार नाही. पण ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट, अंथरूण ओटीवर होतं की माजघरात, कोणत्या दारानं बाहेर पळालो, पहिली हाक कुणाला मारली, हे सगळं तो काल घडल्यासारखं सांगेल. जिला वेळ आहे आणि जागा आहे ती आठवण पक्की बसते.

ही झाली मागची आठवण. पुढं करायच्या कामाची आठवणही अशीच बसते. पावसाळ्यात कोयना धरणाचे सहा वक्र दरवाजे उचलणार असं कळलं की आपला सभासद काय करतो? काठावरची मोटार काढतो. त्यासाठी तो सभा बोलावत नाही की विचार करत बसत नाही. दोर कुठं आहे, ट्रॅक्टर कुणाचा आणायचा, मदतीला कोण, हे आधीच ठरलेलं असतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी हा धडा पुन्हा एकदा गिरवून घेतला. "बघू, पाणी वाढलं की ठरवू" म्हणणाऱ्यांना ठरवायला वेळच मिळाला नाही.

सभासद बंधू-भगिनींनो, ही प्रस्तावना ज्या विषयासाठी केली तो विषय लागणीचा नाही, खताचा नाही, ऊसदराचाही नाही. नवरा-बायकोच्या संबंधांतून येणाऱ्या आजारांचा आणि नको असताना राहणाऱ्या दिवसांचा तो विषय आहे. वाचताना कुणी मान खाली घालू नये. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून हा विषय उघडपणे मराठीत मांडला. त्यापायी खटले सोसले. शंभर वर्षांनंतर आपण लाजत बसावं हे बरं नव्हे.

ठाऊक आहे, पण ऐन वेळी?

माहिती आपल्याकडे कमी नाही. १९६८ साली सरकारनं 'निरोध' बाजारात आणला, पंधरा पैशांना तीन. चहा आणि साबण विकणाऱ्या कंपन्यांच्या गाड्यांमधून तो खेडोपाडी गेला. लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर रंगवला गेला. निरोध वापरला तर दिवस राहणं टळतं आणि गुप्तरोग, एचआयव्ही यांपासूनही बचाव होतो, हे आज दहावीच्या पोरालाही ठाऊक आहे. मग घोडं अडतं कुठं?

परवा गावातल्या चार बायका बसल्या होत्या, त्यांना आम्ही हेच विचारलं. एक ताई म्हणाल्या, "समदं ठावं हाय ओ. पण त्या वक्ताला कुनी बोलायचं? आन् घरात आसतंय कुठं ते?" दोन वाक्यांत त्यांनी सगळं सांगितलं. इच्छा असते, ज्ञान असतं. पण वस्तू हाताशी नसते, शब्द तोंडात नसतो आणि वेळ निघून जाते.

पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं याच गोष्टीवर वर्षानुवर्षं काम केलं. १९९९ साली त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. नुसतं "मी करीन" म्हणण्यापेक्षा "अमुक झालं की मी तमुक करीन" असं ठरवणारा माणूस ते काम पार पाडण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते. कारण ती वेळ आली की ठरवलेली कृती आपोआप समोर येते, नव्यानं विचार करावा लागत नाही. इंग्लंडात स्त्रियांना गर्भाशयाच्या मुखाच्या तपासणीची वेळ कधी, कुठं आणि कशी ठरवणार ते कागदावर लिहायला सांगितलं. लिहिणाऱ्यांपैकी ९२ टक्के तपासणीला गेल्या, न लिहिणाऱ्यांपैकी ६९ टक्के. हे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. खर्च काय झाला, तर एक कागद.

आपल्या आज्या-पणज्यांना हे ठाऊक होतं. विसरायचं नसेल तर त्या पदराला गाठ मारत. पदर हाताला लागला की गाठ लागणार आणि गाठ लागली की काम आठवणार. आपणही लागणीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी खताचा दुसरा हप्ता टाकतो, ती तारीख लागणीला बांधलेली असते म्हणूनच चुकत नाही. त्या 'की'मध्ये सगळी ताकद आहे.

मुंबईची गाडी

आपल्या पाटण तालुक्याचं आणि मुंबईचं नातं जुनं आहे. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील याच मातीतले. माथाडींचा कायदा १९६९ साली झाला त्याच्या आधीपासून आपली माणसं तिथं पाठीवर ओझी वाहत आली. गडी मुंबईला, बायको गावी, भेट जत्रेला आणि गणपतीला. घरं त्या पैशावर उभी राहिली हे विसरून चालणार नाही.

पण १९८६ साली आपल्या देशात एचआयव्ही सापडला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सातारा-सांगलीच्या गावांनी काय पाहिलं तेही विसरून चालणार नाही. तरणा मुलगा वाळत परत यायचा. घरचे सांगायचे, "टीबी झालाय." वर्ष-दीड वर्षानं सून आजारी पडायची आणि दोष तिच्याच माथी मारला जायचा. आम्हीही अशा घरांत तेराव्याला जाऊन बसलो, जेवलो आणि एक शब्द न बोलता परत आलो. आज हे लिहिण्यामागं त्या गप्प बसण्याची टोचणी आहे.

आता काळ बदलला आहे. एचआयव्हीची औषधं सरकारी रुग्णालयांतून १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली. २०१७ पासून तर निदान होताच उपचार सुरू करण्याचं धोरण आहे. रोज गोळी घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर संबंधांतून तो जोडीदाराला लागत नाही. रोजची गोळी म्हणजे पुन्हा आठवणीचाच प्रश्न. रात्रीच्या जेवणाचं ताट उचललं की गोळी, अशी गाठ मारली की ती चुकत नाही.

बाहेरगावी राहणाऱ्या गड्यानं, ट्रकच्या चालकानं तीन गोष्टी आधी ठरवाव्यात. गाडी सुटायच्या आधी पिशवी भरतानाच निरोध पिशवीत जाईल. घरी यायचं तिकीट काढलं की त्याच आठवड्यात रक्त तपासून घेईन. संबंध अगदी अलीकडचा असेल तर तपासणीत लगेच दिसत नाही, म्हणून केंद्रात विचारून ठरलेल्या दिवशी पुन्हा जाईन आणि तोवर निरोध वापरीन. दारू पोटात गेली की ठरवलेलं राहत नाही, म्हणून दारू असेल त्या रात्री थेट खोलीवर जाईन.

आणि बायकोनं? तिनं एक वाक्य तयार ठेवावं. "अवो, आधी दोघं मिळून तपासून येऊ, मग काय ते." हे वाक्य दिवसाउजेडी, चहाच्या वेळी बोलावं. अंधारात, ऐन वेळी ते सुचत नाही आणि सुचलं तरी ऐकलं जात नाही.

एकटीची गाठ सुटते

इथं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. बाईनं कितीही ठरवलं तरी गडी ऐकणारा नसेल तर तिची गाठ टिकत नाही. याचं उत्तर आपल्या शेजारीच सांगलीत सापडतं. तिथं १९९२ पासून 'संग्राम' या संस्थेनं देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांबरोबर एचआयव्ही रोखण्याचं काम सुरू केलं. निरोध वाटणाऱ्याही त्यांच्यातल्याच बाया होत्या. १९९६ साली त्यांची स्वतःची संघटना झाली, 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद'. एकीनं नाही म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दारात जाणार. सगळ्यांनी मिळून एकच नियम केला तर ते जाणार कुठं? ज्यांना समाजानं गावाबाहेर ठेवलं त्यांनी सहकाराचा अर्थ आपल्याला शिकवावा, हे आपण नम्रपणे मान्य करू.

घरात हा नियम करण्याची पहिली जबाबदारी पुरुषाची आहे. सातबारा त्याच्या नावावर, बोलण्याचा मान त्याचा, तर गाठही त्यानंच आधी मारावी.

गोळी आणि बाजाराचा दिवस

पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांचं पाकीट नीट पाहा. 'माला-डी'च्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांतल्या २१ कामाच्या आणि ७ लोहाच्या. त्या सातांनी अंगात लोह जातंच, पण मधे खंड पडून रोजची सवयही मोडत नाही. एक पाकीट संपलं की दुसऱ्या दिवशी दुसरं, हिशोब ठेवायला नको. एखादी गोळी राहिलीच तर आठवल्याबरोबर घ्यावी, मग त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतील. दोन किंवा जास्त राहिल्या तर आशाताईंना विचारावं आणि तोवर निरोध वापरावा.

'छाया' ही गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी आणि नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची असते. त्यातला एक वार आपल्या गावच्या बाजाराचा धरला तर? बाजाराची पिशवी खुंटीवरून काढली की गोळी. 'अंतरा'ची सुई तीन महिन्यांनी. तिची पुढची तारीख कार्डावर असतेच, ती घरच्या कॅलेंडरवरही गोल करून ठेवावी. यांतल्या कशानंही आजारापासून बचाव होत नाही, त्यासाठी निरोधच हवा.

पाच वर्षांनी एकदा

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग हा बहुतेक वेळा एचपीव्ही या विषाणूमुळं होतो आणि तो संबंधांतूनच येतो. आपल्या राज्यातल्या उस्मानाबाद जिल्ह्यात (आजचा धाराशिव) १९९९ पासून सव्वा लाखाहून जास्त स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. त्यातल्या एका गटाची एचपीव्हीची तपासणी एकदाच केली. आठ वर्षांत त्या गटात या रोगानं झालेले मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्मे निघाले. हे २००९ साली साऱ्या जगापुढं मांडलं गेलं. एकदाची तपासणी, आणि केवढा फरक!

तीस वर्षांवरच्या प्रत्येक भगिनीनं दर पाच वर्षांनी ही तपासणी करून घ्यावी असं सरकार सांगतं. पाच वर्षं लक्षात कशी ठेवायची? कारखान्याच्या संचालक मंडळाची मुदतही पाच वर्षांचीच असते. निवडणूक लागली की घरातल्या बायांची तपासणी, अशी गाठ मारून टाका. निवडणूक पुढं ढकलली गेली तरी तपासणी ढकलू नका.

पाच गाठी

१. निरोध घरात एका ठरलेल्या जागी ठेवावा. शेवटचे दोन राहिले की नवीन आणावेत. ट्रॅक्टरच्या डब्यात किंवा पाकिटात महिनोन्‌महिने ठेवू नयेत, उष्णतेनं रबर कुजतं. तारीख पाहावी. तेल लावू नये.

२. निरोध फाटला की ७२ तासांच्या आत तातडीची गोळी. ती आशाताईंकडे मिळते. तिनं दिवस राहणं टळू शकतं, आजार टळत नाही.

३. जखम, पुळी, खाज, पांढरं जाणं दिसलं की त्या आठवड्यात आरोग्य केंद्र. उपचार दोघांनीही घ्यायचे.

४. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. २०१७ च्या कायद्यानं संमतीशिवाय तपासता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. शंका असली की १०९७ हा मोफत क्रमांक.

५. ऊसतोडीची टोळी फडात उतरली की पहिल्या आठवड्यातच जवळचं उपकेंद्र कुठं ते टोळीतल्या बायांना दाखवावं. पाच-सहा महिने त्या घरापासून लांब असतात, गोळ्यांचं पाकीट वाटेतच संपतं. आपला ऊस त्या तोडतात, एवढं आपल्याकडून व्हावं.

आडसाली लावताना दीड वर्षानंतरचा फड आपल्या डोळ्यांपुढं उभा असतो, म्हणून आज भर पावसात चिखल तुडवायचं काही वाटत नाही. तसंच एकदा डोळे मिटून दहा वर्षांनंतरचं आपलं घर पाहा. मुलीचं लग्न आहे, मांडवात तुम्ही दोघं धडधाकट उभे आहात. ते चित्र हवं असेल तर आज रात्री जेवणं झाल्यावर दोघांनी बसून एक कागद घ्यावा आणि त्यावर फक्त एक वाक्य लिहावं, मधे 'की' असलेलं. पाणी सुटायच्या आधी मोटार काढणाऱ्या माणसांना हे अवघड जाऊ नये.